मनीषनगरातला आंबिया बहार

झाडाला पाणी न घालणं हे काम वाटतं तितकं सोपं नाही. घालायला एक माणूस पुरतो. न घालायला सगळी बिल्डिंग एक व्हावी लागते, आणि आमची मनीषनगरातली बिल्डिंग गणपतीच्या प्रसादात बुंदी असावी की शिरा यावरसुद्धा आजवर एक झालेली नाही.

झाड संत्र्याचं. आमच्या तळमजल्याच्या खिडकीमागे, सोसायटीच्या मोकळ्या जागेत ते उभं आहे. आम्ही इथे राहायला आलो तेव्हा माझ्या सासूबाईंनी, तुळसाबाईंनी, ते स्वतःच्या हाताने लावलं. सावनेरजवळच्या त्यांच्या बागेतल्या एका झाडाचं ते कलम. बसमध्ये मांडीवर घेऊन आल्या होत्या. पुढे वर्षभरात त्या गेल्या. माझी बायको प्रेमिला त्या झाडाबद्दल फारसं बोलत नाही, पण सकाळचा चहा ती त्याच खिडकीत उभी राहून घेते. त्या वेळी तिच्याशी कोणी बोललेलं तिला चालत नाही.

झाड वाढलं छान. पहिल्या मजल्याच्या गॅलरीला टेकलं. फक्त त्याला संत्रं कधी लागलं नाही. संत्रं सोडा, फूल नाही. नागपुरात घरामागे संत्र्याचं झाड आहे म्हटलं की बाहेरगावचा पाहुणा आशेने खिडकीपाशी जातो. मग त्याला समजावून सांगावं लागतं. मी ते वर्षानुवर्षं न चिडता करत आलो होतो.

दिवाळीनंतरच्या मीटिंगमध्ये आमचे सेक्रेटरी रुपरावजी यांनी विषय काढला. रुपरावजी आमच्या डोक्यावर, पहिल्या मजल्यावर राहतात. मूळचे मौद्याचे, बोलायला गोड माणूस. त्यांनी विजेवर चालणारी गाडी घेतली होती आणि ती उभी करून चार्ज करायला त्यांना नेमकी झाडाचीच जागा सोयीची वाटत होती. ते म्हणाले, "शालिकरामजी, राग नका मानू. फळ नाही, फूल नाही, नुस्ती पानं. असं झाड ठेवून सोसायटीले फायदा काय?"

यावर बोलण्यासारखं पुष्कळ होतं. सावली होती, पाखरं होती, सासूबाई होत्या. पण मी पाटबंधारे खात्यातून इंजिनियर म्हणून रिटायर झालेला माणूस. फायदा हा शब्द कोणी काढला की मला काहीतरी सिद्ध करून द्यावंसं वाटतं. मी उभा राहिलो आणि म्हणालो, "होळीच्या आत हे झाड फुलांनी भरून दाखवतो. नाही भरलं, तर पहिली कुऱ्हाड मी घालीन."

हे तोंडातून कसं निघालं ते मला अजून कळलेलं नाही. टाळ्या वाजल्या. रुपरावजींनी वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं आणि खाली माझी सही घेतली. घरी आल्यावर प्रेमिला म्हणाली, "आईचं झाड आहे ते." मी म्हटलं, मला माहीत आहे. ती कुकर लावायला गेली.

सासऱ्यांना फोन केला. त्यांना सगळेच बापूजी म्हणतात. आयुष्य संत्र्यात गेलेला माणूस. त्यांनी विचारलं, पाणी किती देता? मी अभिमानाने सांगितलं, रोज. बापूजी म्हणाले, "खाऊन-पिऊन सुखी झाड कायले फुलंन, जवाईबापू? त्याले ताण द्या."

ताण देणं म्हणजे थंडीत संत्र्याचं पाणी तोडायचं. झाड तहानेलं ठेवायचं, पानं मलूल होऊ द्यायची, थोडी गळू द्यायची आणि मग एकदम पाणी सोडायचं. आता आपलं काही खरं नाही अशी धास्ती घेतलेलं झाड नव्या पालवीबरोबर फुलंही फेकतं. आंब्याला मोहोर येतो त्या सुमारास हा बहार येतो, म्हणून त्याला आंबिया बहार म्हणायचं. सावनेर-काटोलकडे हे सगळ्यांना आपोआप माहीत असतं. मी मात्र जन्मभर पाणी शेतापर्यंत कसं पोचेल याच्या मागे होतो. ते कसं पोचू नये याचं शिक्षण मला कोणी दिलं नव्हतं. बापूजींनी शेवटी बजावलं, पाव हिस्सा पानं गळली की पाणी सोडाचं, त्याच्या पुढं जाऊ नका. मी हो म्हटलं.

त्याच दिवशी मी नळाची रबरी नळी गुंडाळून माळ्यावर टाकली आणि वाट पाहू लागलो. महिना झाला तरी झाड होतं तसंच हिरवंगार. उलट त्याच्या पानांवर एक तजेला आला. आमची काळी माती ओल धरून ठेवते हे मला ठाऊक होतं, पण मातीलाही काही मर्यादा असते. तेव्हा मी चौकशी सुरू केली.

पडद्याआड उभं राहिल्यावर पहिल्याच सकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या ताराबाई सापडल्या. तांदूळ धुतलेलं पाणी आणि पूजेचं पाणी अशी दोन भांडी घेऊन त्या आल्या आणि दोन्ही बुंध्याशी रिती करून, नमस्कार करून गेल्या. मी त्यांना गाठून ताण म्हणजे काय ते सांगितलं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं आणि विचारलं, "पाण्याच्या खात्यात होते ना तुम्ही, भाऊजी? तिथं बी असंच करत होते का?" संध्याकाळपर्यंत हा प्रश्न बिल्डिंगभर झाला होता.

त्यांच्या मागोमाग तिसऱ्या मजल्यावरची हिमानी. ही घरी बसून पुण्याच्या कंपनीचं काम करते आणि उरलेल्या वेळात पर्यावरण वाचवते. ती बाटलीने पाणी घालायची आणि घालताना झाडाशी इंग्रजीत बोलायची. ताणाचं शास्त्र मी तिला आकृती काढून समजावलं. ती म्हणाली, काका, हा टॉर्चर आहे. मी म्हटलं, हा टॉर्चर नाही, ही विदर्भाची पद्धत आहे. ती म्हणाली, तेच.

मुख्य आरोपी तर वरच निघाला. रुपरावजींच्या घरचं पाणी शुद्ध करायचं जे मशीन आहे, त्यातून वाया जाणाऱ्या पाण्याची पांढरी बारीक नळी गॅलरीतून खाली सोडलेली होती आणि तिचं टोक बरोबर बुंध्याशी होतं. म्हणजे जो माणूस झाड तोडा म्हणत होता, तोच इतकी वर्षं त्याला दिवसरात्र थेंब थेंब पाजत होता. आमचं खातं शेतांना सोडत असलेलं ओलिताचं पाणी तर याच्यापुढे काहीच नव्हतं. मी नळी काढायला सांगितलं तेव्हा ते दुखावले. फुकटचं पाणी देत होतो, त्याचं हे बक्षीस, असं ते जिन्यात सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. पण नळी काढली.

मग मी पाटी लावली. "या झाडास पाणी घालू नये. आदेशावरून." ज्याने त्याने येऊन कोणाच्या आदेशावरून ते विचारलं.

राहता राहिली गच्चीवरची टाकी. ती भरून वाहिली की पाणी भिंतीने उतरून झाडाकडेच यायचं. त्यासाठी मी झाडाभोवती चर खणला. खोटं कशाला बोलू, मला तो चर खणताना फार बरं वाटलं. उतार बरोबर, कडा सरळ, तळ सपाट. खणताना मुळं दिसू लागली, आणि मुळं जरा मोकळी करतात असं बापूजी एकदा बोलल्याचं आठवलं, तेव्हा मी ती आणखी मोकळी केली. दुसऱ्या दिवशी रुपरावजी मोबाइलवर बोलत बोलत गाडीची जागा मापायला आले आणि चरात उतरले. पाय मुरगळला. चार दिवस लंगडत होते, आणि जो भेटेल त्याला पाय का मुरगळला ते पहिल्यापासून सांगत होते.

जानेवारीत मात्र झाड वठणीवर आलं. पानं फिकी झाली, कडेने वळली, आणि एके सकाळी बुंध्याशी पहिली पानं पडलेली दिसली. त्यातलं एक मी उचलून घरात आणलं आणि प्रेमिलाला दाखवलं. तिने ते हातात घेतलं, ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, जेवायला बसा.

पुढच्या आठवड्यात पाव हिस्सा पानं गळली. आता पाणी सोडायचं. इथे माझं शिक्षण आडवं आलं. मी साधं त्रैराशिक मांडलं. पाव पानं गळून जर झाडभर बहार येत असेल, तर सगळी पानं गळून किती येईल? उत्तर चौपट येत होतं. मी ते दोनदा तपासलं. होळीला अजून अवकाश होता आणि रुपरावजींसमोर नुसता बहार दाखवण्यापेक्षा चौपट बहार दाखवणं केव्हाही चांगलं. मी थांबलो.

झाडानेही मग हात आखडता घेतला नाही. उरलेली पानं त्याने भराभर टाकली. शेवटचं पान गळालं त्या दिवशी आमच्या खिडकीतून समोरच्या बिल्डिंगमधल्या लोकांचं वाळत घातलेलं सगळं धुणं स्वच्छ दिसू लागलं. प्रेमिला चहा घेऊन खिडकीत आली, थोडा वेळ उभी राहिली आणि कप घेऊन स्वयंपाकघरात गेली. त्या दिवसापासून ती चहा तिथेच घेऊ लागली. मला ते लागलं. पण मी शास्त्राच्या बाजूने होतो.

लोक भेटायला येऊ लागले. मयताला येतात तसे, हळू आवाजात. ताराबाईंनी झाडाला हळदकुंकू वाहिलं आणि होळीत घालायला लाकूड छान होईल असंही सुचवलं. सगळ्यात जास्त त्रास रुपरावजींनी दिला. ते चक्क माझ्यावर खूश झाले. मुरगळलेला पाय विसरून खाली आले, माझा हात दोन्ही हातांत धरला आणि म्हणाले की मी बोललो तसा नव्हतो, आतून समजदार निघालो. लोकांना पुढच्या गोष्टी कळायला कितीसा उशीर. शालिकरामजींनी पार्किंगसाठी झाड हळूच मारलं, असं ठरलं. हिमानीने बोडक्या झाडाचे फोटो काढून उद्यान विभागाकडे ऑनलाइन तक्रार टाकली. त्यात माझं नाव, फ्लॅट नंबर आणि मी खणलेल्या चराचा फोटो होता. फोटो चराला न्याय देणारा नव्हता.

याच सुमारास कोणीतरी सांगितलं की झाड जिवंत आहे का ते साल खरवडून कळतं. आत हिरवं दिसलं तर जिवंत. झालं. बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस जाता-येता नख लावू लागला. कोणी किल्लीने, कोणी नाण्याने. पाहुण्यांना तेवढ्यासाठी मागे नेऊ लागले. दूधवाल्यानेही एकदा पाहिलं आणि मला खिडकीतून ओरडून सांगितलं, हिरवं आहे. तहानेने झाड वाचलं असतं, पण या तपासणीतून वाचेल असं दिसेना. मी पाटीवर आणखी एक ओळ लिहिली. "कृपया नख लावू नये."

उद्यान विभागाचे साहेब आले तेव्हा त्यांच्याजवळ दोन अर्ज होते. एक हिमानीचा, की शालिकराम यांनी झाड मारलं. दुसरा सोसायटीचा, की झाड मेलं आहे, तोडायची परवानगी द्यावी, आणि त्याला माझी मीटिंगमधली सही जोडलेली. म्हणजे एका कागदात मी आरोपी होतो आणि दुसऱ्यात मी अर्जदार. साहेब भला माणूस होता. त्याने झाड पाहिलं, साल खरवडायला जागा शोधली, ती न सापडल्यामुळे नाद सोडला आणि मला म्हणाला, "काका, झाड जिवंत असलं तं तुमच्यावर काहीच नाही. मेलं असलं तं दोन्ही आहे. होळीच्या आधी मी परत येतो. तोवर कसंही करून पालवी दाखवा."

म्हणजे आता पाणी. त्याच दिवशी माळ्यावरून नळी काढली, जोडली, नळ सोडला. नळातून फक्त हवा आली. बोअरची मोटार जळाली होती, आणि कॉर्पोरेशनच्या पाण्याचा तो दिवस नव्हता. घरात पिण्यापुरतं होतं. मोटार दुरुस्त व्हायला चार-पाच दिवस लागतील असं रुपरावजींनी कळवलं. ते कळवताना त्यांचा आवाज फार गोड होता.

मी बादली उचलली आणि ज्यांना ज्यांना पाणी घालू नका म्हटलं होतं त्यांच्या दारात गेलो. ताराबाईंनी आदराने बसवलं, चहा दिला, नातवाचे फोटो दाखवले आणि शेवटी विचारलं, "पण भाऊजी, आदेश मागे घेतला का तुम्ही? पाटी तं तशीच आहे." मी खाली जाऊन पाटी काढली, वर येऊन दाखवली, तेव्हा तांदळाचं पाणी मिळालं. हिमानीने आंघोळीच्या पाण्याची बादली दिली. रुपरावजींकडे मशीनचं वाया जाणारं पाणी आता एका ड्रममध्ये जमत होतं. ते म्हणाले, द्यायला काही नाही, पण त्याने गाडी धुतो. पायऱ्या चढता-उतरता माझ्या मनात पाटबंधारे खात्याबद्दल, बापूजींबद्दल, संत्रं या फळाबद्दल आणि एकूण लोकशाहीबद्दल बरंच काही येऊन गेलं. चार दिवस मी असं पाणी मागत फिरलो. मुळं मातीने झाकली. स्वतः खणलेला चर स्वतः बुजवला, आणि बुजवताना मला खरंच वाईट वाटलं.

त्यानंतर काही घडलं नाही. रोज सकाळी मी फांद्या न्याहाळायचो, त्या तशाच काड्या. रुपरावजींनी चार्जिंगच्या डब्यासाठी भिंतीवर खुणा केल्या. प्रेमिला माझ्याशी भाजीबद्दल आणि गॅसबद्दल बोलायची, बाकी काही नाही. एकदा मी म्हणालो, फुटेल गं. ती म्हणाली, "आईनं लावलं होतं, म्हणून म्हणते. नाही तं मले काय करायचं होतं." मला पहिल्यांदा भीती वाटली.

आणि होळीच्या आधीच्या आठवड्यात पालवी फुटली. फांद्यांना नाही, बुंध्याला, जमिनीच्या जरा वर. आधी हिरव्या टिकल्या, मग कोंब, मग पाहता पाहता हातभर सरळसोट फुटवे. बिल्डिंग खाली उतरली. हिमानीने व्हिडिओ काढला आणि खाली लिहिलं की झाडाने माफ केलं. कोणाला केलं ते लिहिलं नाही. ताराबाईंनी शिरा वाटला. ज्यांनी मला खुनी ठरवलं होतं ते कुंड्या घेऊन आले आणि आपल्या मोगऱ्याला ताण कसा द्यावा ते विचारू लागले. मी सांगितलंही. फुलांचं काय, असं कोणी विचारलं नाही, आणि मीही आठवण करून दिली नाही. प्रेमिलाला हाताला धरून मागे नेलं. तिने खाली वाकून पाहिलं आणि म्हणाली, "हो, फुटलं." मला वाटलं होतं ती हसेल.

साहेब आले त्याच सकाळी बापूजीही सावनेरच्या बसने आले. साहेबांना पालवी दिसली, ते लिहायला लागणार तोच रुपरावजी पुढे झाले. मौद्याचा माणूस, शेत पाहिलेला. त्यांनी फुटव्याला बोट लावलं, काटा टोचताच मागे घेतलं आणि विचारलं, "साहेब, संत्र्याले इतके काटे असतात काय? हे संत्रा नोहे. संत्रा मेला असंन तं परवानगी द्या." सगळे बापूजींकडे पाहू लागले. साहेबही.

बापूजींचं असं आहे की संत्र्याच्या बाबतीत हा माणूस कधी खोटं बोललेला नाही. बाजारात व्यापाऱ्याला आपल्याच ढिगातलं किडकं फळ दाखवणारा. त्यांनी खाली बसून एक पान तोडलं, चुरगळलं, नाकाशी नेलं. मग प्रेमिलाकडे पाहिलं आणि उठून म्हणाले, "हे झाड माह्या मंडळीनं लावलं, साहेब. तिनं मातीत लावलं ते हेच आहे, अन् ते जित्तं आहे."

साहेबांनी जिवंत असं लिहिलं. दोन्ही अर्ज निकाली निघाले. प्रेमिला डोळे पुसत घरात गेली.

घरात चहा घेताना बापूजींनी मला सांगितलं. संत्र्याचं कलम जंबेरी नावाच्या काटेरी लिंबावर करतात. खालचं मूळ जंबेरीचं, रानटी, आंबट. त्याच्यावर संत्र्याचा डोळा भरतात, म्हणजे संत्र्याच्या फांदीवरचा कोंब त्याच्या सालीत बसवतात. वरचा संत्रा मी मारला होता. फुटलं ते खालचं. बाहेर अजून शिरा वाटणं चाललं होतं. मी कप खाली ठेवला.

"घाबरू नका," बापूजी म्हणाले. "मूळ तिनं लावलेलं शाबूत आहे. येत्या थंडीत हे फुटवे जाड झाले का मी येऊन डोळा भरतो. ज्या झाडाचं हे कलम होतं ना, बागेतल्या त्याच झाडाची फांदी राखून ठेवली आहे. चिंधी बांधून ठेवली, कोणी छाटू नये म्हणून."

मी विचारलं, राखून ठेवली म्हणजे कधीपासून? बापूजी लेकीकडे पाहू लागले. ती स्वतःचा चहा गाळत होती.

"तुम्ही पाणी बंद केलं ना, त्याच दिवशी हिचा फोन आला होता," ते म्हणाले. "म्हणे बाबा, एक फांदी राखून ठेवा. हे काही वेळेवर थांबत नाहीत."

माझा आवाज चढला असावा. मी प्रेमिलाला म्हटलं, एवढं माहीत होतं तर मला थांबवलं का नाहीस? आईचं झाड ना ते?

"थांबवलं असतं तं थांबले असते तुम्ही?" ती म्हणाली. "अन् थांबले असते, झाड फुलांनी भरलं असतं, तरी जलमभर मले ऐकवत राहिले असते. तू थांबवलं म्हणून, नाही तं चौपट आला असता."

मी यावर चहा संपेपर्यंत विचार केला. ऐकवलं असतं.